सूर्य सगळ्यांचा, मग गायरान कोणाचे?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला. आता उद्दिष्ट सुमारे १६,००० मेगावॅटचे आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी, हे आम्हालाही हवेच आहे. रात्रीच्या लाईटवर दारे धरायला मालक क्वचितच जातो, सालगडी जातो. साप चावतो तो त्याला. त्यामुळे आमचे भांडण सौरऊर्जेशी नाही. आमचे भांडण तिच्याखालच्या जमिनीचे आहे.

एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते, तीही वीज उपकेंद्राजवळ. खाजगी मालकाने जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे, वर दरवर्षी वाढ. सरकारी जमीन मात्र प्रकल्पाला नाममात्र भाड्याने. मराठवाड्यात ही सरकारी जमीन म्हणजे बहुतेकदा गायरान.

कागदावर गायरान मोकळे असते. प्रत्यक्षात तिथे बौद्ध, मातंग, पारधी कुटुंबांनी दगडगोटे वेचून दोन-दोन पिढ्या ज्वारी-बाजरी पिकवली आहे. या जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. सरकारने १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. तरी आजही कित्येकांच्या हातात सातबारा नाही.

मग कोर्टाचा दाखला पुढे केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे काढायला सांगितले, हे खरे. पण शासकीय अधिसूचनेने पट्टा मिळालेले भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांचा अपवाद त्याच निकालात आहे. हा अर्धा निकाल कोणी का वाचून दाखवत नाही?

‘पुरावा कुठे आहे?’ असे विचारतात. पुरावा तलाठ्याच्या दप्तरात आहे. गाव नमुना १-ई काढा, दंडाच्या पावत्या काढा. ज्या पावतीने आम्हाला अतिक्रमक ठरवले, तीच आमच्या ताब्याची साक्ष आहे.

‘गावाला तीन वर्षे दरसाल ५ लाख मिळतात’ असेही सांगतात. ते ग्रामपंचायतीला मिळतात. ज्याच्या हातचे शेत गेले, त्याला काय मिळते? शेजारच्या बागायतदाराला भाडे आणि कसणाऱ्या भूमिहीनाला नोटीस! याला हरित विकास म्हणायचे असेल तर म्हणा. आम्ही याला जुनीच गावगाड्याची वाटणी म्हणतो.

१९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांकडे विजेचा विषय होता. गरिबी हटवायची तर उद्योग हवेत, उद्योगाला स्वस्त आणि मुबलक वीज हवी, ही त्यांची मांडणी होती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेतजमीन सरकारी मालकीची मागितली. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको, यासाठी. आजची योजना नेमकी उलटी आहे : जमीन सरकारची, नफा कंपनीचा, भूमिहीन जिथल्या तिथे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. आधी ताबे नियमित करा, मग पॅनल लावा. कसणाऱ्याची संमती घ्या आणि त्यालाही तोच सव्वा लाखाचा दर द्या. भूमिहीनांच्या सहकारी संस्थांना प्रकल्प चालवू द्या.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनो, प्रकल्पाचा ठराव ग्रामसभेत येण्याआधी १-ईची नक्कल मागा. खांब रोवल्यावर केलेले अर्ज फायलीतच मरतात.

जयभीम!