माटवी उतरली, भाजी नको?

गणपतीत मालवण-कुडाळच्या बाजारात बायकांनी आणलेले दोडके, पडवळ, चिबूड, लाल माठ हौसेने घेतले जातात. विसर्जन झाले की पिशवीत पुन्हा घाट उतरून आलेला कोबी-फ्लॉवर. मळ्यात माल असूनही टोपली भरलेलीच घरी जाते, हे काही बरे नाही. पालेभाजीतले क जीवनसत्त्व तोडल्यापासूनच घटू लागते; सकाळी खुडलेली जुडी त्याच दिवशी शिजवावी. माठातले लोह अंगी लागायला वर लिंबू पिळावे. अळूत मात्र ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानेच घसा खाजतो. आमसूल घालून ते पुरते शिजवावे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेतानेच खावे. आणि दोडक्याच्या शिरा फेकू नयेत, चटणी होते.