रद्दीत चाललेला पुरावा

अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. तो देण्याची जबाबदारी 2000 च्या महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याने, कलम 8 अन्वये, अर्जदारावरच टाकली. मग आजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर वाळवीने खाल्ले, कोतवाल बुकाची पाने गळून पडली, तर पोराने पुरावा आणायचा कुठून? दप्तर सांभाळायचे त्यांनी आणि शिक्षा भोगायची आमच्या पोरांनी! माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगते. तालुक्याच्या कचेरीत ही सूची मागणारे आपल्यातले किती?

सरकारला जाब विचारताना आपल्या घराकडेही पाहू. बाबासाहेबांनी 1946 ला मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 ला मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालय उभे केले. तिथे शिकलेल्या पहिल्या पिढीचे प्रवेश अर्ज, प्रश्नपत्रिका, प्राध्यापकांची टिपणे, वार्षिकांक म्हणजे आपल्या शिक्षणाचा इतिहासच. जुना अभ्यासक्रम कशाला ठेवायचा, असे विचारणाऱ्यांनी शासनाने 1993 ला काढलेला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा 12 वा खंड उघडावा. त्यात मुदतीचा कायदा, पुरावा कायदा, मालमत्ता हस्तांतरण यांवरची त्यांची टिपणे आहेत. कुणीतरी ते कागद जपले, म्हणून ती छापता आली.

हल्ली स्कॅन झाले की मूळ कागद रद्दीवाल्याला देतात. कोर्टात मात्र आधी मूळ कागदच मागतात. माजी विद्यार्थ्यांनी घरच्या ट्रंका उघडाव्यात, महाविद्यालयांनी निदान एक कोरडी खोली आणि एक जबाबदार माणूस द्यावा. येत्या 14 एप्रिलच्या वर्गणीतून कपाटांचा खर्च सहज निघेल.