बांध आमच्या घामाचा, सातबारा त्यांचा

दोस्तांनो, मी गोदीत पोती उचलतो. पन्नास किलोचं पोतं मानेवर आलं की धान्य म्हणजे काय ते कळतं. ते कुणाच्या मातीतलं, हे मात्र पोत्यावर छापलेलं नसतं.

माझ्या टोळीत एक भिल्ल पोरगा आहे, अक्कलकुव्याचा, मोलगीकडच्या डोंगरातला. त्याच्याबरोबर त्याच्या गावी गेलो. तिथं एका सायबाचं भाषण चाललेलं. म्हणाला, ‘इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.’ खरं आहे. मग म्हणाला, ‘तुम्ही उतारावर नांगर घालता, म्हणून माती वाहून जाते.’ लोक गप्प. माझं डोकं फिरलं.

अरे, उतार कसायची हौस असते का कुणाला? खालची काळी जमीन कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आदिवासींची जमीन सावकाराच्या वहीत अंगठ्यापोटी गेली. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती याच अन्यायाविरुद्ध. जमीन गेलेला माणूस एकतर मालकाच्या शेतात राबतो, नाहीतर डोंगर चढतो.

माती अडवायची विद्या काय सायबाच्या बापाची नाही. उताराला आडवा बांध घाला. धावणारं पाणी थांबतं, गाळ मागं बसतो, ओल मुरते, पाऊस गेल्यावरही ज्वारी तग धरते. पण हे बांध घातले कुणी? १९७२ च्या दुष्काळात माझ्या आजीनं खडी फोडली, बांधावर माती टाकली. पुढं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, तिथंही पाट्या टाकल्या आमच्याच बायांनी. आजी आठवड्याची मजुरी घेऊन घरी आली. बांध राहिला मालकाच्या शेतात, आणि पिकला मालकासाठीच.

१९६४ ला संकरित ज्वारी आली, सीएसएच-१. तिला खत पाहिजे, खताला कर्ज पाहिजे, कर्जाला सातबारा पाहिजे. ज्याचा सातबारा त्याचीच क्रांती हिरवी! १९६१ चा कमाल जमीन कायदा १९७५ ला कडक केला: बारमाही पाण्याची १८ एकर, कोरडवाहू ५४. मग काय, बड्यांनी बायकोच्या, भाच्याच्या, घरगड्याच्या नावावर जमीन चढवली. कायदा कागदावर पोटभर जेवला.

डोंगरातल्याला मात्र ‘अतिक्रमण’ म्हणून हाकलायचं. वनहक्क कायदा आला २००६ ला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवा, जास्तीत जास्त चार हेक्टर घ्या. ज्याच्या बापानं कधी शाळा पाहिली नाही त्यानं पुरावा काढायचा कुठून?

आणि सायेब, माती वाचवायचीच तर सरदार सरोवराचं बोला की! महाराष्ट्रातली ३३ गावं त्या पाण्याच्या तडाख्यात आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यातलंच. नर्मदाकाठची गाळाची सुपीक जमीन बुडाली. २०१७ ला दरवाजे लागले, धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली. डोंगरातल्या माणसाची एक घमेलं माती वाहिली तर तो गुन्हेगार. तुम्ही अख्खी शिवारं बुडवली, तो विकास?

उतारावरची माती वाहते हे मीपण डोळ्यांनी पाह्यलं. नाय म्हणत नाही. पण उद्या हाकलतील या भीतीनं जगणारा माणूस दहा वर्षांनी फळ देणारा बांध कशाला घालील? आधी जमीन नावावर करा, मग मृदसंधारण शिकवा.

आता आपल्याबद्दल. १९५९ आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखभर माणसं तुरुंगात गेली. आणि आपण? शहरात राहून नोकरी, आरक्षण, कविता, एवढ्यावर थांबलो. जमीन विसरलो. मीपण विसरलो होतो. भिल्ल, महार, मांग, जो कसतो त्याच्या हातात सातबारा पडेपर्यंत आपली लढाई अर्धीच आहे.

घाम आमचा मुरलाय त्या बांधात. आता जमीनही आमची पाहिजे.