हिरव्या दिव्यावर जाऊ नका!

‘अगं, दिवा हिरवा आहे की! बॅटरी फुल्ल आहे,’ अण्णा ठामपणे म्हणाले. आणि पंचविसाव्या मिनिटाला इन्व्हर्टरने मान टाकली. आईचा नेब्युलायझर अर्ध्यावरच बंद!

वाघोलीचं ट्रॅफिक पार करून, शिक्रापूरला वळून न्हावऱ्याला पोचले होते ते आराम करायला. पण आता वीकेण्डचा प्रोजेक्ट ठरला. पाच वर्षं जुन्या, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत शिल्लक तरी किती आहे?

आपण शहरवाले मोबाइलच्या ‘बॅटरी हेल्थ’वर तासभर चर्चा करतो, घरच्या इन्व्हर्टरकडे मात्र ढुंकून बघत नाही. खरं तर गणित साधं आहे. गाळाने भरलेला तलावही काठोकाठ भरलेला दिसतोच ना? बॅटरीचं तेच. हिरवा दिवा किंवा १२.७ व्होल्टचं रीडिंग सांगतं की ती भरली आहे. तिच्यात मावतं किती, ते नाही सांगत. ते कळतं फक्त लोड टाकल्यावर.

शनिवारी पाण्याची लेव्हल बघून बॅटरी फुल्ल चार्ज केली. मग मेन बंद करून तिच्या वायरी काढल्या आणि तिला रात्रभर विश्रांती दिली. रविवारी सकाळी सातला मोटारीच्या हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब जोडला. बारा व्होल्टवर तो साधारण ५ अँपिअर खातो. म्हणजे नवी बॅटरी ३० तास चालायला हवी. मल्टिमीटर, वही, घड्याळ घेऊन आम्ही बापलेक पडवीत बसलो. १०.५ व्होल्टला थांबायचं, त्याखाली बॅटरी ओढायची नाही.

दर तासाला रीडिंग. मधल्या वेळात चहा, पोहे आणि गप्पा. चौथ्या तासाला अण्णा हळूच म्हणाले, ‘रात्री लाइट गेली की तुझी आई ओट्यावर येऊन बसते. आत जीव घाबरा होतो म्हणते. तुला सांगू नको म्हणाली होती.’

मी वहीतच बघत राहिले.

दुपारी एकला काटा १०.५ वर. सहा तास गुणिले पाच, म्हणजे ३० अँपिअर-अवर. दीडशेतले फक्त तीस! ऐंशी टक्क्यांखाली गेली की बॅटरी उतरणीला लागली समजतात, आमची तर वीसवर होती. टेस्ट संपल्यावर लगेच चार्जिंगला लावली, कारण रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट जमतं. संध्याकाळी नव्या बॅटरीची ऑर्डर दिली.

तुम्हीही करून बघा. पण चार्जिंग करताना हायड्रोजन निघतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि सिगारेट लांब. अॅसिडपासून डोळे जपा, बल्ब चटका देईल असा तापतो. आणि वीज जाण्याचे दिवस असतील, तर टेस्टच्या काळात घरी दुसरी सोय हवी. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं. तशी गाडी घेऊन कोकणात जाणार असाल आणि आतली बॅटरी लेड-अॅसिडची असेल, तर तिलाही हीच परीक्षा लागू!

परवा आईला फोन केला. ‘आम्ही मस्त आहोत गं,’ ती नेहमीसारखीच म्हणाली. हिरवा दिवा! या वेळी मी विचारलं, ‘रात्री लाइट गेली होती? कुठे झोपलीस?’

या शनिवारी पुन्हा न्हावऱ्याला.