चितेनंतरची कसोटी

बारामती-इंदापूरच्या खेड्यांतून धम्मदीक्षा घेतलेल्या घरी मृत्यू झाला, म्हणजे पिंडाला कावळा शिवण्याची वाट आता सहसा कोणी पाहात नाही. 22 प्रतिज्ञांनी श्राद्ध सुटले, हे उचितच झाले. सर्व संस्कार अनित्य आहेत हे जाणणे ही प्रज्ञा. मोहरीसाठी दारोदार फिरलेल्या किसा गोतमीस ती श्रावस्तीत उमगली. परंतु शीलावाचून प्रज्ञा घातक, असे बाबासाहेब बजावीत, आणि शीलाची कसोटी चितेपाशी नव्हे, पुढे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत लागते.

पुण्यानुमोदनास त्रिशरण-पंचशील म्हणणारे बंधूच बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवितात. माहेर तुटेल, या धाकाने ती अंगठा उमटविते. न दिलेले घेणार नाही, हे शील तेव्हा कोठे जाते? धाकाने दिलेले ते दिलेले नव्हेच.

1956 चा हिंदू वारसा कायदा बौद्धांसही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच; 2005 च्या दुरुस्तीने तो वडिलोपार्जित मिळकतीतही आला. 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याचे एक मोठे कारण हिंदू कोड बिल रखडणे हे होते.

नीरा डाव्या कालव्याखालचे चार गुंठे, किंवा 1958 च्या कायद्याने महारकी वतन जाऊन परत मिळालेला तुकडा. तो वाटून उरणार काय, असे भाऊ विचारतात. प्रश्न खोटा नाही. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडावा, तर जरूर सोडावा. पण धम्मबंधूंनो, तिचा हिस्सा किती ते आधी तिला सांगा, कागद वाचून दाखवा, आणि शोकाच्या दिवसांत सही मागू नका.