पोचा एवढासा, बॅटरी केवढी!

तीन आठवड्यांपूर्वी नवले पुलाच्या उतारावर एका टेम्पोने कट मारला आणि माझी इलेक्ट्रिक गाडी दुभाजकावर चढली. मला खरचटलंही नाही.

वर्कशॉपने गाडी लिफ्टवर घेतली तर खाली बॅटरीच्या केसिंगला तळहाताएवढा पोचा. रेंज तेवढीच, एरर कोड एकही नाही. तरी उत्तर एकच, "सर, पूर्ण पॅक बदलायला लागेल." नुसतं केसिंग नाही का बदलता येणार? "उघडलं तर वॉरंटी जाईल, सर."

खरी गंमत पुढेच. इन्शुरन्सच्या घसारा तक्त्यात बॅटरी कुठे बसते माहितीये? टायर, रबर, प्लॅस्टिकच्या रांगेत. सरसकट ५० टक्के कापणार! हा तक्ता २००२ च्या मोटर टॅरिफमधला. तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा १२ व्होल्टचा डबा. तोच नियम गाडीतल्या सर्वांत महाग भागाला लावणं हा माझ्या मते शुद्ध आळस आहे. कोडमध्ये कोणी असा जुना कॉन्स्टंट ठेवला तर रिव्ह्यूत फाडून खातो आपण!

बॅटरीचं वेगळं कव्हर? ते रिन्यूअलला मीच काढलं होतं, काही हजार वाचवायला. (घाला शिव्या.) झीरो डेप आहे म्हणून निर्धास्त असाल, तर त्यात बॅटरी धरलीये का ते आजच वाचा.

दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेली तर चालती गाडी 'टोटल लॉस'. सर्व्हेअरचा आकडा त्या रेषेच्या जरासाच अलीकडे आहे. पॅक कोणी आणि कसा तपासला, हे मी लेखी मागितलंय. उत्तर अजून नाही. तोवर हप्ता चालू, आणि मी पीएमपीत लटकलेला.