यादीत नाव पहा म्हणे. पण यादी कुठंय?

परवा बाजार समितीच्या गेटवर चहा घेत होतो. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मोबाईल पुढं केला. "दादा, हे बघा बरं. यादीत नाव पहा म्हणतंय. तीनदा वर-खाली केलं, यादी काही सापडंना."

शीर्षक होतं, 'अतिवृष्टी नुकसान भरपाई यादी जाहीर, लगेच नाव पहा'. खाली आठ परिच्छेद आणि जवळजवळ प्रत्येकात 'अतिवृष्टी नुकसान भरपाई यादी' हे चार शब्द जसेच्या तसे. यादी कुठंच नाही. त्या माणसाला एवढंच हवं होतं की आपलं महसूल मंडळ अतिवृष्टीत धरलं की नाही. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला का, यावर त्याचं सगळं अडलेलं.

मी गप्प बसलो. कारण असल्या बातम्या मीही लिहिल्यात.

दोन वर्षं एका पोर्टलला तालुक्याच्या बातम्या देत होतो. नाव सांगत नाही. रोज सकाळी साडेसातला शहरातल्या डेस्कवरून व्हॉट्सॲपवर 'कीवर्ड लिस्ट' यायची. लाडकी बहीण हप्ता कधी येणार, सोन्याचा आजचा भाव, कापूस बाजारभाव आजचे. यातलं निवडायचं, शीर्षकात एकदा, पहिल्या परिच्छेदात एकदा आणि खाली किमान पाच वेळा पेरायचं. एकदा मी 'बहीण' दीर्घ लिहिलं, तर डेस्कवरचा पोरगा म्हणाला, "सर, लोक ऱ्हस्व टाइप करतात, तुम्ही पण तेच ठेवा." पदविका घेताना शुद्धलेखनाचे मार्क कापणारे आमचे सर आठवले, पण ठेवलं ऱ्हस्व.

गंमत म्हणजे हे सगळं ज्या यंत्रासाठी चाललं होतं, ते यंत्र कधीच पुढं गेलेलं. सुरुवातीच्या काळात सर्च इंजिन शब्द मोजायचं, हे खरंय. म्हणून लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात शब्दांची रास ओतायचे. पानाच्या पोटात वाचकाला न दिसणारी कीवर्डची एक ओळ असते, तिला क्रमवारीत आपण काहीच किंमत देत नाही, असं गुगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर सांगून टाकलं होतं. आमच्या त्या पोर्टलवर मात्र तो रकाना भरल्याशिवाय बातमी पुढं सरकत नसे! पुढं २०१९ मध्ये गुगलनं 'बर्ट' नावाचं तंत्र आणलं. वाक्यातले शब्द सुटे न बघता एकमेकांच्या संबंधात वाचायचं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ज्या सत्तरएक भाषांपर्यंत ते पोचलं, त्यात मराठीही होती.

आपल्या भाषेला याचा जास्त फायदा व्हायला हवा होता. मराठीत शब्द एका रूपात बसतोय कुठं? कापूस, कापसाला, कापसाचा. विहीर, विहिरीत. इंग्रजीच्या सवयीनं 'कापूस भाव' ही जोडी जशीच्या तशी ठेवायची म्हटलं, की विभक्ती जाते आणि वाक्य लंगडं होतं. 'कापूस भाव आज वाढ' असलं मराठी कुणाच्या घरी बोलतात सांगा. यंत्र 'कापसाला आज काय भाव मिळाला' हे समजून घ्यायला लागलं, आणि आम्ही त्याच्यासाठी मोडकं मराठी लिहीत बसलो.

कीवर्ड संपले, असं मी म्हणत नाही. उलट एका जागी ते जास्त मोलाचे झालेत, ती जागा म्हणजे गावाचं नाव. कर्जत रायगडात आहे नि अहिल्यानगरातही. मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचं. खेड पुण्यात, खेड रत्नागिरीत. तालुका-जिल्हा न लिहिता 'खेडमध्ये पाणी बंद' असं टाकलं, तर भलत्याच गावचा माणूस घागरी भरून ठेवेल. अजून कितीतरी लोक 'उस्मानाबाद' टाकूनच शोधतात, म्हणून धाराशिवच्या बातमीत जुनं नाव एकदा यावं, बस्स. आणि तारीख! मागच्या वर्षीची बातमी 'आजची' म्हणून फिरते, याला ती न घालणारे आपणच जबाबदार.

ती लिस्टही मुळात वाईट नव्हती. ती वाचकांच्या प्रश्नांची यादी होती. तालुक्यातली बाई तलाठ्याला विचारायला संकोचते, ते मोबाईलला विचारते. आता तर टाइपही करत नाहीत, माईक दाबून अख्खा प्रश्न बोलतात. आम्ही काय केलं, तर तिचाच प्रश्न शीर्षक करून तिला परत दिला. उत्तरासाठी तहसीलला एक फोन लावायला हवा होता, तो लावला नाही. आठशे शब्द मात्र लिहिले.

आता पुढची अडचण. सर्चवर सगळ्यात वर एआयचं तयार उत्तर यायला लागलंय. भारतात ऑगस्ट २०२४ पासून, इंग्रजी-हिंदीनं सुरुवात झाली. वाचक तिथंच वाचून निघून जातो, खाली बातमीवर येत नाही. मग जाहिरातीचे चार पैसे कुठून यायचे? याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं दिसतंय की शहरात बसून आठ परिच्छेद फुगवण्याचं काम यंत्र आता फुकटात करतंय. आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद मात्र कुणीतरी जाऊन आणल्याशिवाय त्यालाही सांगता येणार नाही.

त्या शेतकऱ्याच्या मंडळाचा आकडा दुसऱ्या दिवशी तहसीलमधून आणला. आठ मंडळांपैकी पाच बसलीत, तीन नाहीत. त्याचं बसलेलं नाही, हे त्याला फोनवर सांगताना जिवावर आलं. आठही मंडळांचे आकडे तारखेसह खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकलेत. तुमच्या मंडळाची नोंद चुकीची वाटत असेल, तर गावाचं नाव आणि पावसाची तारीख लिहा. सोमवारी पुन्हा तहसीलला जातोय.